सहावा गठ्ठा

ऑफिसातल्या माहितीच्या दोन जाती असतात. एक रकान्यात बसते. ग्राहकाचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, पंपाचं मॉडेल, मोटारीची अश्वशक्ती, बिलाची तारीख. ही माहिती गुणी असते. जागा दाखवली की बसते, बेरीज केली की होते आणि ऑडिटर आला की उठून उभी राहते. दुसरी जात रकान्यात बसत नाही. 'चीफ इंजिनिअरना दुपारी दोन ते चार फोन करू नये.' 'पंप आवाज करतो म्हणतात, पण आवाज शेजारच्या ब्लोअरचा असावा. तसं बोलून दाखवू नये.' 'सील पुन्हा गेलं तर मागच्या वेळचा विषय काढू नये, वाढतो.' आता ही कुठल्या रकान्यात घालणार? आणि गंमत अशी, की धंदा चालतो तो या दुसऱ्या जातीवर. पहिलीच्या जोरावर नुसतं बिल निघतं, ते वसूल होतं दुसरीच्या जोरावर.

मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, पंप बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत, विक्रीपश्चात सेवा विभाग सांभाळतो. विक्रीपश्चात सेवा म्हणजे विक्री विभागाने दिलेली वचनं पाळणे. आमचे बरेच ग्राहक साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला, की कारखाना चोवीस तास चालतो आणि पंप रात्रीच बंद पडतो. मग कुणाच्या तरी घरी फोन वाजतो आणि जो उचलेल तो अर्धवट झोपेत, मिळेल त्या कागदावर, मुलांच्या दप्तरात सापडेल त्या पेन्सिलीने टिपण करतो. त्यामुळे आमच्या विभागाचं बरंचसं ज्ञान चौकटीच्या वहीत, भागाकाराच्या उदाहरणांशेजारी आहे.

ही टिपणं वाचणं ही एक विद्या आहे. 'तो मोठा – गळतोय – मंगळवार?' यातल्या प्रश्नचिन्हाचा रोख मंगळवारवर आहे की गळण्यावर, हे प्रसंगाने ठरवायचं. एक टिपण तर विभागात अजरामर झालेलं आहे: 'पाटील म्हणाले तसं करणे.' तारीख नाही, कारखान्याचं नाव नाही, अक्षर कुणाचं यावर एकमत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाने नुसतं 'पाटील' लिहिणं म्हणजे पाकिटावर पत्ता म्हणून 'भारत' लिहिण्यापैकी झालं. पण ते टिपण फेकायचीही कुणाची हिंमत होत नाही. न जाणो, तसं करायचं राहून गेलेलं असलं तर?

पूर्वी या सगळ्याला कागद पुरत. व्हिजिटिंग कार्डांच्या पाठी होत्या, चलनांच्या मागच्या कोऱ्या बाजू होत्या, व्हेंडरने दिवाळीला दिलेल्या डायऱ्या होत्या (यातल्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्याइतकं सुवाच्य अक्षर जगात कुठे नसेल). आणि भिंतीवर कालनिर्णय होतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते काढलं तेव्हा त्यांच्या मनात पंचांग असेल, पण महाराष्ट्राने त्याची मुक्त टिपणांची व्यवस्था करून टाकली. घरात दुधाचा खाडा, गॅसची टाकी, मोलकरणीची उचल. ऑफिसात डिस्पॅचच्या तारखा, वेल्डरची सुट्टी, कुणाचा चेक कधी टाकायचा ते. पासवर्ड नाही, अपडेट नाही, वीज गेली तरी चालू. नजरेच्या उंचीवर टांगलेलं असल्यामुळे उघडावंही लागत नाही.

मग आमच्याकडे नवे साहेब आले. माणूस चांगला, पण पूर्वी मोठ्या कंपनीत काम केलेलं. पहिल्याच मीटिंगमध्ये ते म्हणाले, "आपलं सगळं नॉलेज लोकांच्या डोक्यात आहे. ते सिस्टीममध्ये आलं पाहिजे."

स्टोअर्सचे काका शांतपणे म्हणाले, "आलं की मग डोक्यांचं काय करणार, साहेब?"

साहेब हसले. काका हसले नाहीत. त्यांच्या निवृत्तीला अजून अवकाश होता.

पहिलं सॉफ्टवेअर आलं ते रकान्यांचं. टिपण लिहिण्याआधी 'बिघाडाचा प्रकार' निवडणं सक्तीचं. सील, बेअरिंग, इम्पेलर, कपलिंग, ग्लँड, मोटर, इतर. प्रकार निवडल्याशिवाय खाली लिहायची चौकट उघडतच नसे. आता रात्री आलेला फोन असा असतो: "अहो, तुमचा पंप बघा जरा, मघापासून काहीतरी वेगळंच चाललंय त्याचं." हा बिघाडाचा कुठला प्रकार? माणसं प्रामाणिक होती. ज्याचं कारण कळत नाही त्याला ती 'इतर' म्हणाली. तीन महिन्यांत 'इतर' एवढं फुगलं, की सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यात पोटभेद करून दिले: 'इतर – यांत्रिक', 'इतर – विद्युत' आणि 'इतर – इतर'. तिमाही आढाव्यात रंगीत आलेख लागला. व्यवस्थापनाने तो गंभीरपणे पाहिला आणि विभागाला लेखी विचारणा आली: आपल्या पंपांमध्ये 'इतर' बिघाडाचं प्रमाण चिंताजनक असून ते कमी करण्यासाठी कृती आराखडा सादर करावा.

आराखडा सोपा होता. पुढच्या महिन्यापासून मुलं 'ग्लँड' निवडू लागली, कारण यादीत ते 'इतर'च्या जवळ होतं आणि बोट फार हलवावं लागत नसे. 'इतर' झपाट्याने खाली आलं, आमचं कौतुक झालं आणि खरेदी विभागाने आकडे बघून ग्लँड पॅकिंगची मोठी ऑर्डर देऊन टाकली. ते पॅकिंग अजून स्टोअरमध्ये आहे. काका त्यावर पाय ठेवून बसतात.

या निमित्ताने मी थोडं वाचलं, तेव्हा लक्षात आलं की हे दुखणं भोसरीचं नाही. मिच केपर नावाचा अमेरिकन गृहस्थ, ज्याच्या लोटस कंपनीने १९८३ साली '१-२-३' हे स्प्रेडशीट काढून जगभरच्या हिशेबनिसांना रकान्यांत बसवलं, तो स्वतः मात्र चिठ्ठ्यांवर जगत होता. त्याचा सहकारी जेरी कॅपलन याने लिहून ठेवलंय, की १९८७ मध्ये केपरच्या खासगी विमानातून ते दोघं चालले होते आणि केपर खिशातल्या चिठ्ठ्या काढून त्यांतला मजकूर संगणकात भरत बसला होता. हे वाचून मला फार बरं वाटलं. विमान घेतलं म्हणून चिठ्ठ्या सुटत नाहीत.

या मंडळींनी १९८८ मध्ये 'अजेंडा' नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. त्यातली कल्पना इतकी शहाणी होती, की आज वाचतानासुद्धा टाळी द्यावीशी वाटते. तुम्ही आधी फक्त लिहायचं. 'पुढच्या मंगळवारी शिंद्यांना सीलबद्दल फोन करणे.' कुठे ठेवू, कुठला प्रकार, काही विचारणार नाही. 'पुढच्या मंगळवारी' म्हणजे कुठली तारीख हे ते स्वतः काढणार. शिंदे नावाचा वर्ग असेल तर त्यात हे टिपण आपोआप जाणार, सीलच्या वर्गातही जाणार, फोनच्या यादीतही दिसणार. एकच टिपण, पण जिथे जिथे त्याचं काम तिथे तिथे हजर. सहा महिन्यांनी तुम्हाला सुचलं, की 'रात्रीच्या तक्रारी' असा एक वर्ग हवा होता, तर तो तेव्हा काढायचा. जुनी टिपणं हात वर करून आपली आपण त्यात येऊन बसणार. म्हणजे आधी माणूस जेवायला बसतो आणि मग त्याचा पाट मांडतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पाटावर नाव लिहिल्याशिवाय घरात प्रवेश नव्हता.

किंमत ३९५ डॉलर. डॉसवर चालायचं. ज्यांना कळलं ते त्याच्या प्रेमात पडले, बाकीच्यांना ते काय आहे हेच शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानदाराला "हे हिशेब करतं" म्हणून स्प्रेडशीट विकता येतं, "हे पत्र लिहितं" म्हणून वर्ड प्रोसेसर विकता येतो. "हे तुमच्या डोक्यात जे काय चाललंय ते लावून देतं" असं म्हटल्यावर गिऱ्हाईक मागे सरकतं. काही वर्षांत लोटसने ते बंद केलं.

केपरने नाद सोडला नाही. २००२ मध्ये त्याने स्वतःचे पैसे घालून नवा प्रकल्प जाहीर केला. नाव 'चँडलर', रहस्यकथाकार रेमंड चँडलरवरून. टिपणं, कामं, पत्रव्यवहार, दिनदर्शिका सगळं मुक्तपणे एकत्र नांदेल असं काहीतरी. उत्तमातले उत्तम प्रोग्रामर जमले, आणि जमले ते प्रत्येक गोष्ट नक्की कुठे ठेवायची यावर वाद घालत बसले. स्कॉट रोझेनबर्ग नावाचा पत्रकार हे सगळं जवळून बघत होता. सॉफ्टवेअरला एवढा उशीर का होतोय यावरचं त्याचं 'ड्रीमिंग इन कोड' हे पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. सॉफ्टवेअरची पहिली पूर्ण आवृत्ती आली २००८ मध्ये. उशिराचं पुस्तक वेळेवर निघालं, एवढं तरी कबूल केलं पाहिजे.

आमच्याकडे तोवर दुसरं पर्व सुरू झालं होतं. रकाने काढून टाका, मोकळं सोडा, असं साहेबांच्या कानावर आलं होतं. आता एक कोरं पान. वाट्टेल ते लिहा, फोटो चिकटवा, बोलून ठेवा आणि वर शेपटासारखा टॅग लावा. बाजारात या प्रकाराला तोटा नाही. मायक्रोसॉफ्टचं वननोट २००३ पासून आहे, एव्हरनोटचा हत्ती २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, गुगल कीप २०१३ मध्ये आलं, पुढे नोशन, ऑब्सिडियन. यांतल्या कुठल्या एकावर आम्ही गेलो हे सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता.

टॅगांना सक्ती नव्हती, म्हणून लोकशाही पद्धतीने ते वाढले. 'तातडीचे' असा टॅग निघाला. महिनाभरात सगळंच तातडीचं झालं म्हणून 'अतितातडीचे' निघाला. मग 'आजच'. मग 'खरंच आजच'. शेवटी कुणीतरी 'साहेबांनी विचारलं' असा टॅग काढला, आणि आमच्या विभागाच्या इतिहासात ज्याखालचं काम खरोखर झालं असा तो एकमेव टॅग ठरला.

शोधण्याची कहाणी आणखी निराळी. "सर्च मारा, मिळेल," असं ट्रेनिंग द्यायला आलेला मुलगा म्हणाला होता. त्याने मारलेला सर्च इंग्रजीत होता. आमच्याकडे गळतीला कुणी 'गळती' लिहितो, कुणी 'लीकेज', कुणी 'लिकेज', कुणी रोमन लिपीत मराठी, आणि जो प्रत्यक्ष पंपासमोर उभा असतो तो लिहितो 'पाणी येतंय'. ही पाच गावं एकमेकांना ओळखत नाहीत. सील ऱ्हस्व लिहिणारे आणि सील दीर्घ लिहिणारे यांच्या तक्रारी वेगळ्या निघतात. जुनी टिपणं तर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेली. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती उघडली, की 'बेअरिंग तपासले' या जागी कंस, टक्का, डॉलर अशी शिवी दिल्यासारखी ओळ दिसते. एका ग्राहकाला आम्ही ती तशीच मेल केली होती. त्याचं उत्तरही साधारण त्याच भाषेत आलं.

पण या पर्वातला खरा आनंद शोधण्यात नव्हताच. तो मांडण्यात होता. टिपणं मांडणं हे काम आहे असं वाटतं, पण ते काम नसतं. ग्राहकाला फोन करणं हे काम. त्यात शिव्या खाव्या लागतात. त्याऐवजी 'ग्राहक संवाद' या पानाला निळा रंग द्यायचा की हिरवा, यात एक अख्खा शुक्रवार अब्रूने जातो. आमच्या विभागातल्या सर्वांत हुशार मुलीने एक साचा तयार केला होता. गळतीच्या टिपणावर थेंबाचं चिन्ह, आवाजाच्या टिपणावर कान, प्रत्येक कारखान्याला स्वतंत्र पान, त्यावर उसाचा फोटो, आणि एक टिपण दुसऱ्याला रेघेने जोडलेलं असा एक नकाशा. तो पडद्यावर हळूहळू फिरायचा. साहेबांनी मुंबईच्या पाहुण्यांना तो आवर्जून दाखवला. पाहुण्यांनी विचारलं, "यातून काय समजतं?" साहेब म्हणाले, "कनेक्शन्स." मुलगी हा नकाशा करत असताना विभागाचा फोन स्टोअर्सचे काका उचलत होते आणि निरोप चलनाच्या पाठीवर लिहून ठेवत होते. पुढे मुलगी चांगल्या पगारावर दुसरीकडे गेली. नकाशा अजून फिरतो. तो थांबवायचा कसा हे तिने टिपून ठेवलंय म्हणतात.

या पंथाचे आद्यपुरुष म्हणून निकलस लूमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाचं नाव घेतलं जातं. त्याने हयातभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लाकडी खणांत क्रमांक घालून, एकमेकींना जोडून ठेवल्या आणि त्यांच्या आधारावर ढिगाने पुस्तकं लिहिली. आज त्याच्या पद्धतीवर यूट्यूबवर असंख्य व्हिडिओ आहेत आणि ते बघणारी माणसं वहीत टिपणं काढतात. टिपणं कशाची? टिपणं कशी काढावीत याची. लूमानला लिहायचं काय होतं हा भाग व्हिडिओत सहसा येत नाही. लांब असतो.

आणि लूमानच कशाला, चिठ्ठ्याच बघायच्या तर पुण्यात येरवड्याकडे डेक्कन कॉलेजात जावं. संस्कृतच्या महाकोशाचं काम तिथे डॉ. सु. मं. कात्रे यांनी १९४८ मध्ये सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या केल्या गेल्या आणि त्या कपाटांतल्या खणांत लावून ठेवलेल्या आहेत. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. त्यानंतर तीसहून अधिक भाग निघाले आणि तरी 'अ' सरलेला नाही. लोक याला हसतात. मी हसत नाही. त्या प्रत्येक चिठ्ठीला माहीत आहे की आपण कुठल्या शब्दाच्या, कुठल्या अर्थाच्या, कुठल्या संदर्भाखाली जाणार. तिला फक्त थांबायचंय. आमच्या चिठ्ठीला आपण जन्माला का आलो हेच ठाऊक नाही, आणि ती मात्र सेकंदाच्या आत सापडायला हवी.

तिसरं पर्व आलं ते कृत्रिम बुद्धिमत्तेचं. आता शोधू नका, नुसतं विचारा. साहेबांनी सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक घेतलं. एका जुन्या ग्राहकाचं नाव घालून विचारलं, "या कारखान्याशी व्यवहार करताना काय काळजी घ्यावी?" यंत्राने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि अतिशय नम्र, शुद्ध मराठीत उत्तर दिलं: पाटील यांनी दिलेल्या सूचनांनुसार कार्यवाही करावी.

टाळ्या झाल्या. आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. इतकी वर्षं जे टिपण नुसतं गूढ होतं, त्याला आता अधिकार प्राप्त झाला होता.

त्याच उत्तराचा दुसरा मुद्दा होता: चीफ इंजिनिअर यांना दुपारी दोन ते चार या वेळेत संपर्क करू नये. हेही आम्ही निष्ठेने पाळत होतो. पुढे एका भेटीत कळलं, की दुपारी झोपणारे ते इंजिनिअर केव्हाच निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्या जागी आलेल्या इंजिनिअरना आश्चर्य वाटत होतं, की पंप कंपनीचे लोक भर दुपारी, म्हणजे शिफ्ट बदलल्यावर जेव्हा त्यांना खरी सवड असते, नेमके तेव्हाच कसे गायब असतात. म्हणजे माणूस गेला, झोप गेली, टिपण राहिलं. आणि नुसतं राहिलं नाही, तर तीन सॉफ्टवेअरांतून सुखरूप स्थलांतर करत राहिलं.

याच सुमारास माझे सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. ते नगरच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण अण्णांच्या तोंडी नगरच आहे.) रविवारी मी लॅपटॉप घेऊन टॅग साफ करत बसलो होतो. एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि दुसरा डोळा माझ्या पडद्यावर, असे ते बराच वेळ मागे उभे होते.

"जावईबापू, हे सगळं चालू दप्तर का?"

"चालू-जुनं सगळं एकत्रच आहे, अण्णा. शोधलं की मिळतं."

"आणि नष्ट करायचं कुठंय?"

मी म्हटलं, यात जागेची अडचण नसते, कितीही ठेवलं तरी चालतं. अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू नवा लागलेला शिपाई आवक-जावकची बारनिशी उलटी धरून उभा आहे. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मला सहा गठ्ठे सांगितले.

महसुली कचेऱ्यांत ही पद्धत इंग्रजांच्या काळापासून आहे. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात असला पाहिजे. एकात आपण निकाली काढायची प्रकरणं. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे ज्यांत चेंडू दुसऱ्याच्या अंगणात आहे ती. तिसऱ्यात ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिकं. चौथ्यात स्थायी आदेश, जे रोज लागतात आणि रोज कुठेतरी दडलेले असतात. पाचव्यात काम संपून अभिलेख कक्षात जायची प्रकरणं. आणि सहाव्यात नष्ट करायचे कागद. अण्णांनी सहावं बोट दुसऱ्या हाताचं धरलं आणि ते बराच वेळ सोडलं नाही.

अभिलेख कक्षात जाणाऱ्या कागदालाही आयुष्य नेमून दिलेलं. 'अ' म्हणजे कायमचा. 'ब' म्हणजे ३० वर्षं. 'क' म्हणजे १० वर्षं. 'ड' म्हणजे वर्षभर, पुढे फाडायचा. हे अक्षर कागद शेवटी ठेवून देताना त्यावर घालायचंच. १९८०च्या दशकात नगरला अनिलकुमार लखिना कलेक्टर होते. त्यांनी ही जुनी पद्धत झटकून पुन्हा चालू केली. वर्षानुवर्षांचं दप्तर उपसून नको ते बाहेर काढलं आणि हवं ते फळ्यांवर क्रमाने लावलं. 'लखिना पॅटर्न' म्हणून ते राज्यभर गाजलं. तेव्हा किती रद्दी निघाली हा आकडा अण्णा दर वेळी थोडा वाढवतात, म्हणून इथे देत नाही. पण एक गोष्ट ते न बदलता सांगतात. शोधायला वेळ लागायचा तो हवा असलेला कागद नसल्यामुळे नव्हे, नको असलेले कागद असल्यामुळे.

"फाडायलासुद्धा यादी लागते, जावईबापू. त्यावर साहेबांची सही. मनाला आलं म्हणून फाडलं असं नाही. आणि काय फाडलं त्याची यादी मात्र ठेवायची."

सरकारी कचेरीकडून आपण वक्तशीरपणा शिकावा असं मी म्हणणार नाही. पण माहितीच्या बाबतीत त्या खात्याला एक गोष्ट कळली होती, जी कॅलिफोर्नियाला अजून कळलेली नाही: कागद जन्मतो तसा मेलाही पाहिजे, आणि तो केव्हा मरणार हे कुणीतरी जबाबदार माणसाने लिहून ठेवलं पाहिजे. मी पाहिलेल्या प्रत्येक टिपण-सॉफ्टवेअरमध्ये 'नवीन टिपण' हे बटण सर्वांत मोठं आणि रंगीत असतं. मुदत घालायची चौकट कुठेच दिसली नाही. कालनिर्णयाचं खरं मर्म तिथे माझ्या ध्यानात आलं. डिसेंबर संपला की ते खिळ्यावरून उतरतं. त्यावर लिहिलेला दुधाचा खाडा पुढच्या पिढीला छळत नाही.

मी साहेबांपुढे हे मांडलं. सहा गठ्ठे, चार अक्षरं आणि वर्षातून एकदा फाडण्याची यादी. ते दचकले. "डिलीट? अहो, डेटा इज द न्यू ऑइल!"

मी म्हटलं, "सर, ऑइल नवं असलं तरी बदलावं लागतं. आपल्याच पंपाच्या मॅन्युअलमध्ये बेअरिंगच्या तेलाचे तास दिलेत. ते उलटून गेले की बेअरिंग जातं आणि गिऱ्हाईक आपल्याला रात्री उठवतं."

पंप कंपनीत तत्त्वज्ञान चालत नाही, पण मॅन्युअल चालतं. परवानगी मिळाली. स्टोअर्सच्या काकांना मी मुद्दाम शेजारी बसवलं, कारण कुठला माणूस निवृत्त झाला, कुठला कारखाना विकला गेला, कुठला पंप भंगारात गेला हे त्यांनाच ठाऊक होतं. ते "गेला" म्हणत आणि मी 'ड' टाकत असे. पहिल्या दुपारी तर 'ड'चाच सपाटा चालला होता. दुपारच्या झोपेचं टिपण गेलं. 'खरंच आजच'चं अख्खं गाव उठलं. 'मंगळवार?' गेला. ग्लँडच्या खोट्या तक्रारी गेल्या. पॅकिंग तेवढं राहिलं, ते काकांनी कायम वर्गात टाकायला लावलं. 'पाटील म्हणाले तसं करणे' यावर मात्र दोघंही थांबलो. शेवटी काका म्हणाले, "क घाला. दहा वर्षांत कोण ना कोण पाटील विचारेलच."

बाकी उरलं ते थोडं आहे आणि कामाचं आहे. कुठल्या कारखान्याचं पाणी गढूळ आहे, कुठे पाया कच्चा असल्यामुळे अलाइनमेंट टिकत नाही, कुणाला लेखी उत्तर आवडतं आणि कुणाला ते आवडत नाही. आता यंत्राला प्रश्न विचारला तर ते बऱ्यापैकी खरं उत्तर देतं. ते हुशार झालं म्हणून नव्हे. त्याच्यासमोरचा कचरा कमी झाला म्हणून.

तेव्हा टिपणांची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्या मंडळींना, आणि पुणे-हिंजवडीकडे ती बरीच राहतात म्हणून मराठीतच, एक विनंती. तुमच्या त्या मोठ्या रंगीत बटणाखाली एक छोटी चौकट ठेवा. माणसाने टिपण लिहिलं की त्याला एवढंच विचारा, हे कधी फाडायचं? उत्तराला चार पर्याय पुरेत: अ, ब, क, ड. पाचवा 'इतर' ठेवू नका.